एकोणसत्तर सेकंदांची बंदी

सबस्ट्रेट या ब्लॉकचेन फ्रेमवर्कच्या नेटवर्किंग कोडमध्ये ‘पीअर स्टोअर’ नावाचा एक लहानसा भाग आहे. आपल्या नोडचा (म्हणजे साखळी चालवणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या संगणकाचा) ज्या ज्या नोडशी संबंध आला त्या प्रत्येकाच्या ओळखीपुढे एक पूर्णांक लिहून ठेवायचा, त्याच्या वागणुकीप्रमाणे तो वर-खाली करायचा आणि तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की त्या नोडशी संबंध तोडायचा, एवढेच त्याचे काम. पॅरिटी टेक्नॉलॉजीजने २०१८ मध्ये सबस्ट्रेट लोकांसमोर आणले, पोलकाडॉट ही साखळी २०२० मध्ये त्याच्याच आधारावर सुरू झाली आणि आज हा सगळा कोड पोलकाडॉट एसडीके या एकाच रिपॉझिटरीत आहे. त्याविषयी लिहिणारे बहुतेक जण एकमताच्या अल्गोरिदमविषयी, ब्लॉक पडताळणाऱ्या व्हॅलिडेटरांविषयी किंवा रनटाइम, म्हणजे साखळीचे नियम सांगणारा प्रोग्राम, अपग्रेड करण्याविषयी लिहितात, आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र या पूर्णांकाविषयी लिहायचे आहे. जे यंत्र आपण कधी पाहिलेले नाही, जे कुठे आहे आणि कोण चालवतो हे कळायला मार्ग नाही, त्याच्याशी कोणत्या अटींवर आणि किती काळ संबंध ठेवायचा, या प्रश्नाला त्या कोडने चार-पाच आकड्यांत उत्तर दिले आहे. ते उत्तर मला इतके विचारपूर्वक दिलेले वाटते की ज्यांचा नेटवर्किंगशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी त्या पूर्णांकाची घडण सांगते. नोडची ओळख म्हणजे त्याच्या सार्वजनिक किल्लीपासून बनलेली बावन्न अक्षरे. नाव, गाव, देश यांपैकी काहीही त्यात नसते. नव्या नोडची पत, म्हणजे हा पूर्णांक, शून्यापासून सुरू होते. पूर्णांक बत्तीस बिटांचा आणि चिन्हासहित असल्यामुळे पत उणे २१४ कोटी ७४ लाखांपर्यंत खाली आणि साधारण तितकीच वर जाऊ शकते. उणे १५२ कोटी ४७ लाख ही बंदीची रेषा आहे, म्हणजे तळाच्या ७१ टक्के. पत त्या रेषेखाली गेली की जोडणी तुटते आणि ती पुन्हा रेषेवर येईपर्यंत त्या नोडला प्रवेश मिळत नाही. ही बेरीज-वजाबाकी कोडमध्ये ‘सॅच्युरेटिंग’ पद्धतीने होते, म्हणजे तळ गाठल्यावर आणखी वजा केले तरी आकडा तळावरच थांबतो. ही बाब वाचताना सहज नजरेआड होईल, पण तिच्यावाचून सगळी व्यवस्था उलटी झाली असती. साध्या बेरजेत बत्तीस बिटांचा आकडा तळाच्याही खाली ढकलला की तो गुपचूप वरच्या टोकाला जाऊन बसतो, आणि मग सर्वांत वाईट वागणारा नोड एका क्षणात सर्वांत विश्वासू ठरतो.

पत किती बदलायची हे ‘पीअर स्टोअर’ ठरवत नाही. ते ब्लॉक, व्यवहार, मते असे ज्याचे त्याचे काम पाहणाऱ्या प्रोटोकॉलने ठरवायचे आणि प्रत्येक बदलासोबत कारणाचे दोन शब्द द्यायचे, अशी रीत आहे. लॉगची पातळी वाढवली की ती नोंद ओळीने दिसते: आधी पीअरची, म्हणजे समोरच्या नोडची, ओळख, मग चिन्हासकट झालेला बदल, मग नवी बेरीज आणि शेवटी कारण. हे आकडे बहुतेक दोनच्या घातांत आहेत आणि त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे. एखाद्या नोडने खोटा किंवा पडताळणीत न टिकणारा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) पाठवला तर दोनचा एकोणतिसावा घात, म्हणजे सुमारे ५३ कोटी ६९ लाख, वजा होतात. मागितलेल्या ब्लॉकचे उत्तर वेळेत आले नाही तर फक्त १०२४ वजा होतात. जोडणी अचानक तुटली तर २५६. ज्याची साखळीच वेगळी आहे, म्हणजे पहिला ब्लॉक आपल्या पहिल्या ब्लॉकशी जुळत नाही, त्याला थेट तळाचा आकडा मिळतो.

व्यवहारांच्या बाबतीतली आकारणी मला सर्वांत जास्त आवडते. कोणताही व्यवहार आला की तो पडताळण्याआधीच पाठवणाऱ्याच्या खात्यातून १६ कापले जातात, कारण पडताळणीला आपला प्रोसेसर खर्ची पडणार आहे. तो व्यवहार चांगला पण आधीच आपल्याकडे असलेला निघाला तर ते १६ परत मिळतात. नवा आणि चांगला निघाला तर १२८ जमा होतात. वाईट निघाला तर ४०९६ वजा होतात. ग्रँडपा या अंतिमतेच्या, म्हणजे ब्लॉक आता बदलणार नाही हे ठरवणाऱ्या, प्रोटोकॉलमध्ये तर अधिकच बारीक हिशेब आहे: संदेश उलगडता आला नाही तर त्यातल्या प्रत्येक बाइटमागे ५, आणि ठरावीक प्रकारच्या चुकीच्या संदेशांत आपल्याला तपासाव्या लागलेल्या प्रत्येक सहीमागे २५ वजा. ज्याने आपले जितके काम वाढवले त्याच्याकडून तितकीच भरपाई घ्यावी, हे सूत्र यात दिसते. त्याच्या जोडीला दुसरे सूत्र असे, की चूक पाठवणाऱ्याचीच आहे याची जितकी खात्री, तितकी शिक्षा मोठी. खोटा ब्लॉक पुढे पाठवणाऱ्या पूर्ण नोडने तो स्वतः तपासायला हवा होता, म्हणून तिथे संशयाला फारशी जागा नाही. व्यवहाराचे तसे नाही. तो पाठवला तेव्हा वैध असू शकतो आणि आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत दुसऱ्या ब्लॉकमुळे निकामी झालेला असू शकतो. उशिरा आलेल्या उत्तरामागे तर समुद्रातली केबल, गल्लीतला राउटर किंवा नोड चालवणाऱ्याच्या डिस्कची संथ गती, यांपैकी काहीही असू शकते.

रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी वरच्या खोलीत काही विद्यार्थी येतात. कुणी लोकमान्य नगरातून, कुणी सुदामा नगरातून, दोघे-तिघे भंवरकुआच्या वसतिगृहांतून. घरच्या वायफायवर सगळ्यांचे लॅपटॉप जोडून आम्ही एक छोटी चाचणी साखळी चालवतो. एकदा दोन मुलांचे नोड काही केल्या एकमेकांना धरेनात. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर रनटाइम संकलित करून साखळीचा तपशील स्वतंत्रपणे बनवला होता. संकलित रनटाइम हा पहिल्या ब्लॉकच्या स्थितीचाच भाग असतो. दोघांच्या कंपायलरची आवृत्ती वेगळी, त्यामुळे त्यांचे बाइट वेगळे, म्हणून पहिल्या ब्लॉकचा हॅश (त्यातल्या मजकुरावरून निघणारा ठसा) वेगळा आणि म्हणून साखळीच वेगळी. दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी एकमेकांविरुद्ध तळाचा आकडा उमटला आणि पुढे कारण लिहिलेले: जेनेसिस, म्हणजे पहिला ब्लॉक, जुळत नाही.

“ताई, माझा नोड कायमचा बॅन झाला का?” त्यांच्यातल्या धाकट्याने विचारले. “आता की बदलायची?”

“की बदलू नकोस,” मी म्हटले, “लॉगकडे नुसतं बघत राहा.”

मिनिटाहून थोडा अधिक वेळ गेला आणि जोडणीचा पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा पहिला ब्लॉक जुळला नाही, पुन्हा तळाचा आकडा. त्यानंतर तेवढ्याच अंतराने तिसऱ्यांदा. थोरल्याने हातातल्या घड्याळावर तो वेळ मोजायला सुरुवात केली होती. “म्हणजे हा दर वेळी माफ करतोय?” त्याने विचारले. मग एकाने आपला तयार तपशील दुसऱ्याला पाठवला, दोन्ही नोड त्याच फाइलवर उभे केले आणि ते जोडले गेले. पण त्याचा प्रश्न खोलीतच राहिला आणि तो सकाळभर आमच्या चर्चेचा विषय झाला.

याला माफी म्हणावे असे मला वाटत नाही. प्रत्येक सेकंदाला प्रत्येक पीअरची पत आपल्या दोनशेव्या हिश्श्याने शून्याकडे सरकते, मग ती उणे असो की अधिक. आकडा इतका लहान झाला की दोनशेवा हिस्सा पूर्ण एकही भरत नाही, तर सेकंदाला एकने सरकते. या गतीने पत साधारण १३९ सेकंदांत निम्मी होते. तळाला गेलेला नोड बंदीच्या रेषेवर परत यायला ६९ सेकंद लागतात आणि कोणत्याही टोकापासून शून्यावर यायला ३५४४ सेकंद, म्हणजे सुमारे एकोणसाठ मिनिटे. शून्यावर आलेल्या आणि तासभर ज्याच्याबद्दल काहीच नवे घडलेले नाही अशा नोडची नोंदसुद्धा मग काढून टाकली जाते. पूर्वी हा हिस्सा दोनशेवा नसून पन्नासावा होता आणि बंदीची रेषा तळाच्या ८२ टक्क्यांवर होती. तेव्हा तळाला गेलेला नोड दहा सेकंदांत बंदीबाहेर येत असे.

या दोन आकड्यांत केलेल्या बदलाचे महत्त्व मला कागदावर हिशेब मांडल्यावर कळले. समजा एखादा नोड दर सहा सेकंदांनी, म्हणजे पोलकाडॉटच्या ब्लॉकच्या गतीने, एकेक खोटा ब्लॉक पाठवतो आहे. जुन्या आकड्यांनुसार चौथ्या ब्लॉकला त्याच्यावर बंदी आली असती, नव्या आकड्यांनुसार ती तिसऱ्याच ब्लॉकला येते. हा फरक लहान वाटेल, पण तोच नोड धूर्तपणे थांबून थांबून वागू लागला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या व्यवस्थेत दोन खोट्या ब्लॉकमध्ये साधारण अठरा सेकंदांहून अधिक अंतर ठेवणाऱ्याची पत कधीच बंदीच्या रेषेपर्यंत पोहोचली नसती. प्रत्येक ब्लॉकला जेवढी घसरण, तेवढीच पुढच्या ब्लॉकच्या आत भरून निघाली असती. नव्या आकड्यांत त्याला जवळजवळ सत्त्याऐंशी सेकंद थांबावे लागते. ब्लॉक जुळवणारा कोड खोटा ब्लॉक आला की आपल्या अधिकारात जोडणी वेगळी तोडतोच, त्यामुळे प्रत्यक्षात एवढी मोकळीक कुणाला मिळत नाही; परंतु बंदी नसेल तर तुटलेली जोडणी पुन्हा होऊ शकते, म्हणून हा हिशेब केवळ कागदावरचा राहत नाही. विसरण्याचा वेग हा या यंत्रणेचा खरा निर्णय आहे. बंदीची रेषा आणि शिक्षेचे आकडे त्याच्यावाचून अर्थहीन आहेत, आणि तरी नवा प्रोटोकॉल लिहिणारे बहुतेक जण शिक्षेचा आकडा तेवढा पाहतात आणि विसरण्याचा वेग पाहतच नाहीत, हे मला खटकते.

हाच विसर दुसऱ्या बाजूनेही काम करतो, आणि तिकडे तो मला अधिक मोलाचा वाटतो. चांगल्या वागणुकीची पुंजी साठवता येत नाही. एखाद्याने आपल्याला सेकंदाला हजार नवे आणि वैध व्यवहार पाठवत राहण्याचा सपाटा लावला, तरी प्रत्येकामागे १२८ जमा आणि आधीचे १६ वजा धरून त्याची पत साधारण २ कोटी २४ लाखांच्या वर जाऊच शकत नाही, कारण त्या उंचीवर सेकंदाची जमा आणि सेकंदाची झीज सारखी होते. एका खोट्या ब्लॉकची शिक्षा ५३ कोटी ६९ लाख; म्हणजे इतके करूनही त्याच्या हाती एका खोट्या ब्लॉकच्या पाच टक्क्यांइतकीही शिल्लक लागत नाही. आधी वर्षभर भल्याचे वागून नाव कमवायचे आणि मग ते एका घावात वटवायचे, हा जो जुना डाव आहे, त्याला येथे वावच नाही. मोकळ्या जागा भरताना नोड अधिक पत असलेल्या पीअरला आधी हाक मारतो, एवढाच त्या चांगुलपणाचा लाभ. माझ्या मते तो लाभ एवढाच असणे योग्य आहे.

त्या सकाळी मुलांपैकी एकीने विचारले की प्रत्येक नोडने आपापली नोंद एकट्यानेच का ठेवायची. सगळ्यांनी मिळून एकच यादी केली आणि वाईट नोड सर्वांना एकदम कळवले तर काय बिघडेल? प्रश्न रास्त होता. इंदूरच्या सराफ्याची आठवण मला तेव्हा आली. माझे पणजोबा तिथल्या एका पेढीवर मुनीम होते आणि हुंड्यांच्या काळातल्या गोष्टी घरात पुष्कळ सांगितल्या जात. शाहजोग हुंडीचे पैसे द्यायचे ते केवळ बाजाराला ठाऊक असलेल्या प्रतिष्ठित सावकाराच्याच हाती. एखाद्याची हुंडी सकारली गेली नाही की ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत फिरे, आणि मग त्या पेढीला माळव्यात कुठेही उधारी मिळणे अवघड होई. तिथे बातमी वाटून घेणे उपयोगाचे होते, कारण त्या माणसाला आपले नाव, आपले घर, आपले गोत एका रात्रीत टाकून दुसऱ्या नावाने दुकान मांडता येत नव्हते. आणि बातमी सांगणाराही ओळखीचा होता, खोटे बोलला तर त्याचीही पत जाणार होती.

नेटवर्कमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. नोडच्या फोल्डरमधली किल्लीची फाइल पुसून नोड पुन्हा सुरू केला की नवी ओळख तयार होते, तिची पत शून्य असते, आणि या सगळ्याला एकोणसत्तर सेकंदसुद्धा लागत नाहीत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉन डूसर यांनी २००२ मध्ये ‘सिबिल’ हल्ल्यावरच्या आपल्या निबंधात हेच मांडले होते: ओळख पटवून देणारी मध्यवर्ती सत्ता नसेल, तर व्यवहारात शक्य असणाऱ्या परिस्थितीत एकच माणूस हवी तितकी रूपे घेऊ शकतो. ओळख फुकट असेल तर साक्षही फुकट होते. सामाईक यादी केली तर हजार ओळखी तयार करणारा माणूस एका प्रामाणिक नोडविरुद्ध हजार तक्रारी नोंदवील आणि यादी त्या मान्य करील. म्हणून सबस्ट्रेटमध्ये प्रत्येक नोड फक्त स्वतःच्या अनुभवावर विसंबतो, स्वतः काय पाहिले तेवढेच मोजतो आणि आपले मत कुणालाही सांगत नाही. लिबपीटूपी या नेटवर्किंग लायब्ररीतल्या गॉसिपसब या संदेश पसरवण्याच्या प्रोटोकॉलची १.१ ही आवृत्ती गुणांकन अधिक गुंतागुंतीचे करते. जाळ्यात किती वेळ राहिला, संदेश पहिल्यांदा कुणी आणला, खोटे संदेश किती, असे सात घटक त्यात मोजले जातात आणि खोट्या संदेशांची संख्या तर वर्ग करून धरली जाते. पण तिथेही ते गुण ज्याचे त्याच्याजवळच राहतात.

त्या सात घटकांतला सहावा मात्र मला अस्वस्थ करतो. एकाच आयपी पत्त्यावरून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पीअर दिसले तर त्या सगळ्यांचे गुण तो कमी करतो. एका यंत्रावरून शेकडो ओळखी उभ्या करणाऱ्याला रोखण्याचा तो साधा आणि परिणामकारक उपाय आहे, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे अनेक इंटरनेट सेवा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहकांना बसवतात, आणि भंवरकुआच्या एखाद्या वसतिगृहात तर एका राउटरमागे मजलेच्या मजले असतात. तिथल्या पाच-सहा मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर प्रामाणिकपणे नोड चालवले तर बाहेरून ते एकाच हल्लेखोराचे मुखवटे भासतील. हा घटक बंद करता येतो, त्याची मर्यादा वाढवता येते आणि ठरावीक पत्त्यांना त्यातून वगळताही येते; ती मर्यादा निवडणाऱ्याने अशा घरांचा आणि वसतिगृहांचा विचार केलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पत्त्यावरून शिक्षा करण्याचा धोका बिटकॉइनच्या जगाने फार आधी पाहिला आहे. तिथे प्रत्येक पीअरच्या चुकांचे गुण मोजले जात आणि शंभर गुण भरले की त्या आयपी पत्त्यावर चोवीस तासांची बंदी येई. अलेक्स बिर्युकोव आणि इव्हान पुस्तोगारोव या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुणीही टॉर या वापरकर्त्याचा पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कच्या बाहेर पडण्याच्या दारांतून मुद्दाम खराब संदेश पाठवू शकतो, नोड त्या दारांच्या पत्त्यांवर बंदी घालतात आणि मग टॉरमधून येणाऱ्या निरपराध वापरकर्त्यांना फक्त हल्लेखोराने मोकळे ठेवलेल्या वाटांनीच यावे लागते. शिक्षेची यंत्रणाच हल्ल्याचे हत्यार झाली. पुढे २०२० मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने आपोआप घातली जाणारी ती चोवीस तासांची बंदी सोडून दिली आणि तिच्या जागी सौम्य नापसंती आणली: अशा पत्त्याची जोडणी नोडजवळ जागा शिल्लक असेल तर स्वीकारली जाते, आणि जागा कमी पडली तर त्यालाच आधी बाहेर काढले जाते. सबस्ट्रेटमध्ये शिक्षा पत्त्याला होत नाही, किल्लीला होते. किल्ली बदलणे सोपे असल्यामुळे ती शिक्षा दुबळी आहे, पण तिचा मार शेजाऱ्याला बसत नाही. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी विनासंकोच दुबळी शिक्षा निवडीन.

माझ्या मताला माझ्या जागेचा रंग आहे आणि तो मला लपवायचा नाही. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला इंदुरात संध्याकाळी वावटळ उठते, पाठोपाठ वीज जाते, इन्व्हर्टरवर पंखे चालतात पण राउटर एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या काही क्षणांत माझ्या नोडच्या सगळ्या जोडण्या एकदम तुटतात. फ्रँकफुर्ट, हेलसिंकी किंवा सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये बसलेल्या ज्या पीअरांशी मी जोडलेली होते त्यांना यामागे वादळ आहे हे कळण्याचा काही मार्ग नाही. त्यांच्या नोंदीत माझ्या नावापुढे २५६ वजा होतात. या आकड्याचा दोनशेवा हिस्सा पूर्णांकात एक भरतो, म्हणून तो सेकंदाला एकने भरत जातो आणि सव्वाचार मिनिटांत शून्य होतो. वेळेत न दिलेल्या एका उत्तराचे १०२४ भरून यायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. त्या वेळात मोकळी जागा भरताना ते माझ्याआधी दुसऱ्याला हाक मारतील, आणि त्यात गैर काही नाही. त्यांना ब्लॉक वेळेत हवे आहेत. पण वीज गेलेले घर आणि खोटा ब्लॉक पाठवणारा हल्लेखोर यांच्या शिक्षांमध्ये वीस लाखांहून अधिक पटींचे अंतर आहे. ज्याने हे आकडे लिहिले त्याने हे दोन प्रकार वेगळे ओळखले आणि त्यांच्यामध्ये इतकी जागा सोडली की शेकडो वादळांची बेरीजही एका फसवणुकीच्या जवळ जाऊ नये. ज्या नेटवर्कला विकेंद्रित म्हणवून घ्यायचे आहे त्याने केवळ चांगल्या विजेच्या शहरांत विकेंद्रित असून चालणार नाही, असे मला कळकळीने वाटते, आणि त्याची सोय घोषणेत नसते, अशा आकड्यांत असते.

पोलकाडॉटच्या वरच्या थरात ही आकारणी आणखी नेटकी केलेली आहे. तिथे प्रोटोकॉल लिहिणाऱ्याने कोरा आकडा न निवडता किरकोळ नुकसान, मोठे नुकसान, पुन्हा पुन्हा होणारे नुकसान, किरकोळ लाभ, मोठा लाभ आणि दुष्ट हेतू अशा ठरलेल्या वर्गांतून एक वर्ग निवडायचा असतो. हे बदल तीस सेकंदांपर्यंत साठवून एकत्र पाठवले जातात. फक्त दुष्ट हेतूचा वर्ग क्षणभरही न थांबता पोहोचवला जातो. आकड्यांची निवड प्रत्येकावर सोपवली की एकाचे पन्नास म्हणजे दुसऱ्याचे पाच लाख, असा गोंधळ होणारच. वर्गांमुळे निदान ही भाषा सर्वांची एक होते.

आमच्या रविवारच्या गटातल्या त्या थोरल्या मुलाने पुढे स्वतःचा एक छोटा गॉसिप प्रोटोकॉल लिहिला. त्यात त्याने उलगडता न येणाऱ्या प्रत्येक संदेशासाठी थेट तळाचा आकडा ठेवला होता. “कचरा पाठवणाऱ्याला आत ठेवायचंच कशाला, ताई?” असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला संदेशाच्या रचनेत एक नवे क्षेत्र घालायला लावले आणि आठांपैकी चारच लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवायला सांगितली. मिनिटभरात नेटवर्कचे दोन तुकडे झाले. जुन्या आवृत्तीच्या नोडांनी नव्यांना हाकलले आणि प्रत्येकाच्या लॉगमध्ये समोरचाच दोषी होता. खऱ्या नेटवर्कमध्ये सगळे नोड एकाच क्षणी कधीच अपग्रेड होत नाहीत. काही दिवस, कधी काही आठवडे, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालतात. न उलगडणारा संदेश त्या काळात बहुधा नव्या आवृत्तीच्या प्रामाणिक नोडकडून आलेला असतो.

बराच वेळ तो आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी वहीवर आकडेमोड करत बसले होते. शेवटी त्यांनी संदेशाच्या सुरुवातीला आवृत्तीचा एक बाइट ठेवला. आपल्यापेक्षा नवी आवृत्ती दिसली तर संदेश न वाचता सोडून द्यायचा आणि पाठवणाऱ्याचे १६ वजा करायचे. आवृत्ती ओळखीची असून संदेश उलगडला नाही तर ग्रँडपाप्रमाणे बाइटमागे ५. आणि सही खोटी निघाली तरच मोठा आकडा. तो किती मोठा असावा यावर मात्र दोघांचे एकमत झाले नाही. मुलीला एकाच खोट्या सहीवर बंदी हवी होती, कारण खोटी सही चुकून होत नाही. त्याचे म्हणणे असे की खराब मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर तेही चुकून होऊ शकते, म्हणून खोट्या ब्लॉकप्रमाणे तीनदा संधी असावी. सध्या कोडमध्ये त्याचा आकडा आहे, आणि तिने त्याच ओळीवर आपली हरकत सविस्तर लिहून ठेवली आहे.